कचेरीतले कपाट कोणासाठी?

प्रथम वर्षाला प्रवेश घेतला त्या जून महिन्यात वडिलांबरोबर मी एका तालुका कचेरीत पाच वेळा गेले. कचेरी कोणती ते लिहीत नाही. एक तर तक्रार करणे हा या लेखाचा हेतू नाही, आणि दुसरे म्हणजे धाकट्या भावाच्या कामासाठी तेथे पुन्हा जायचे आहे.

मला जातीचा दाखला काढायचा होता. आम्ही ज्या प्रवर्गात मोडतो त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो. शिकलेल्या घरात हा प्रश्न लवकर सुटतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला आणि अर्जाला जोडला की झाले. आमचे आजोबा शाळेत गेले नाहीत. वडील चौथीपर्यंत गेले, पण ते १९६१ नंतर. जमीन कधीच नावावर नव्हती, त्यामुळे जुना सातबारा किंवा फेरफारही नाही. उरला एकच मार्ग, आणि तो म्हणजे गाव नमुना १४. याला लोक कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण वारले, कोणाच्या पोटी, कोणत्या जातीत, हे त्यात पूर्वी लिहून ठेवीत. आजोबांच्या जन्माची ओळ त्यात असणार, एवढी खात्री होती. ती वही मात्र कचेरीच्या दफ्तरात होती.

पहिल्या खेपेला ‘रेकॉर्डचे भाऊसाहेब रजेवर’ होते. दुसऱ्या खेपेला ते होते, परंतु गठ्ठा सापडत नव्हता. तिसऱ्या खेपेला मी सोबत कॉलेजची वही नेली, आणि बाकावर बसल्या बसल्या मागच्या पानावर त्या खोलीचा नकाशा काढला. काही करायला नव्हते म्हणून काढला, पण या लेखाचे मूळ तेथेच आहे.

दारातून आत गेले की समोर एका टेबलाची पाठ. म्हणजे आलेल्या माणसाला प्रथम कारकुनाची पाठ दिसते. डाव्या हाताला लोखंडी कपाटांची रांग, आणि ती रांगच भिंतीचे काम करते. कपाटांच्या डोक्यावर छतापर्यंत गठ्ठे. कपाटांमागे आणखी तीन टेबले. तेथे कोण बसले आहे, कोणाची खुर्ची रिकामी आहे, हे बाहेरून कळत नाही. अव्वल कारकुनांचे टेबल खिडकीजवळ, वाऱ्याला. तेथून त्यांना झाड दिसते, पण हाताखालचे लोक दिसत नाहीत. बाहेरून आलेल्यांसाठी एक बाक, तो व्हरांड्यात. आणि ज्या खोलीत आमच्या आजोबांची ओळ होती ती अभिलेखाची खोली जिन्याखाली, तिच्या दारासमोर मोडक्या खुर्च्या रचलेल्या. खुर्च्या हलविल्याशिवाय दार पुरते उघडत नसे.

मी नकाशा वडिलांना दाखविला. वडील ऊसतोडीला जातात. निम्मे वर्ष त्यांनी कारखान्यांच्या आवारात काढलेले आहे. नकाशाकडे पाहून ते म्हणाले, “कारखान्यावर असं नसतं. गाडी आली की आधी काटा. काट्यावरून पुढं गव्हाण. गव्हाणीतून ऊस आत. मधी कोणी कपाट ठेवीत नाही.” मी म्हटले, तेथे यंत्रे असतात. ते म्हणाले, “यंत्राचं नव्हं. ऊस वाळला तर तोटा कारखान्याचा. हितं कागद वाळला तर तोटा आपला.”

लोकप्रशासनाच्या तासाला मी बरेच काही शिकले आहे, परंतु इतके नेमके वाक्य मला अजून कोठे भेटले नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा उतरतो. म्हणून कारखान्याची जागा आखणारा माणूस आधी उसाची वाट आखतो. ऑफिस, गोदाम, वसाहत ही सारी त्या वाटेच्या कडेने बसतात. कारखान्याचे ध्येय भिंतीवर लिहून टांगावे लागत नाही, ते आवारात पाय ठेवताच दिसते. कचेरीचे ध्येय भिंतीवर लिहिलेले असते, आणि खोलीची मांडणी दुसरेच काही सांगत असते. वाऱ्याची जागा कोणाला, पाठ कोणाकडे, बाक कोठे, यावरून ती खोली कोणाची गैरसोय टाळण्यासाठी लावली आहे ते ओळखता येते.

हा विचार मी आमच्या सरांना सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “तू ज्या जिल्ह्यात राहतेस त्या जिल्ह्याने हा धडा साऱ्या महाराष्ट्राला दिला होता. लखिना पॅटर्न ऐकला आहेस का?” मी ऐकला नव्हता. वर्गात कोणीच ऐकला नव्हता. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने लिहिते.

१९८० नंतरच्या दशकात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, त्या काळाविषयी लिहिताना मी जुने नाव ठेवते.) क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आणि यात चौदा तालुके आहेत. अकोल्याचा माणूस नगरला यायचा म्हणजे शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आले. त्याला ‘उद्या या’ म्हणणे म्हणजे आणखी एक दिवस, आणखी एक तिकीट. अशा जिल्ह्याच्या कचेरीचे ध्येय काय असावे याबद्दल फार खल करण्याची गरज नाही. आलेल्या माणसाचे काम शक्य तो एका खेपेत व्हावे, आणि मागितलेला कागद सापडावा. लखिनांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची जी फेररचना केली, तिच्यात कामाची पद्धत, कागदांची व्यवस्था आणि बसण्याची जागा या तिन्हींचा एकत्र विचार होता. कोणत्या टेबलाचे काय काम ते लिहून काढले. साठलेल्या कागदांची छाननी केली. मग बैठक व्यवस्था बदलली. आलेल्या माणसाला आतल्या टेबलांमधून हिंडावे न लागता दर्शनी भागातच चौकशी करता यावी, आणि वरिष्ठाला आपले लोक व त्यांचे काम नजरेसमोर दिसावे, अशी ती मांडणी होती. या प्रयोगाची कीर्ती जिल्ह्याबाहेर गेली, राज्यातल्या इतर कार्यालयांनी तो उचलला, आणि ‘लखिना पॅटर्न’ हे नाव रूढ झाले.

मला यात सर्वांत मोलाची वाटते ती कामाची क्रमवारी. कार्यालय सुधारायचे म्हटले की आपल्याला प्रथम रंग, फरशी, पंखे आणि नवी टेबले सुचतात. येथे आरंभ कागदापासून झाला. कारण साधे आहे. कचेरीतली जागा माणसांनी व्यापलेली नसते, ती कागदांनी व्यापलेली असते. कागद कमी झाले की कपाटे कमी होतात, कपाटे हटली की आड भिंत राहत नाही, आणि आड भिंत गेली की कोण बसले आहे आणि कोण नाही ते साहेबांनाही दिसते आणि बाकावरच्या माणसालाही. म्हणजे एक चौरस फूट बांधकाम न करता खोली मोठी होते.

आता कागद कमी करायचे म्हणजे काय, हे मला नीट उमजत नव्हते. आमच्या गावात महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून आहेत. त्यांना विचारायला गेले तर ते म्हणाले, “तुमच्या घरातली कागदांची पेटी घेऊन ये.” आमच्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात रेशनकार्डापासून औषधाच्या चिठ्ठ्यांपर्यंत सारे काही असते. मामांनी ती ओसरीवर उपडी केली आणि जमिनीवर सहा ढीग घालायला लावले.

पहिला ढीग, ज्यावर आपल्यालाच काही करायचे आहे: माझा शिष्यवृत्तीचा अर्ज. दुसरा, ज्यात आपण आपले केले आणि आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत: घरकुलाच्या अर्जाची पोच. तिसरा, जे ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा येते: वीजबिले, गटाच्या हप्त्यांची वही. चौथा, जे नियम म्हणून नेहमी हाताशी लागते: योजनांची माहितीपत्रके, कोणत्या कामाला कोणते कागद लागतात त्याची यादी. पाचवा, ज्याचे काम संपले पण जपून ठेवायचे आहे: वडिलांचा शाळेचा दाखला, आजीचा मृत्यूचा दाखला. आणि सहावा, ज्याची आता कोणालाही गरज नाही. हा सहावा ढीग सर्वांत मोठा निघाला. त्यात संपलेल्या पासबुकांच्या चार प्रती, लग्नपत्रिका, आणि एका बंद पडलेल्या मोबाइलची वॉरंटी होती. आईने मात्र लग्नपत्रिका परत उचलून घेतल्या. मामा म्हणाले, “कचेरीतही हेच होतं. फेकवत नाही.”

हीच सहा गठ्ठे पद्धत. सरकारी कार्यालयातल्या प्रत्येक टेबलाचे कागद प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशा सहा गठ्ठ्यांत लावायचे. शिवाय संपलेल्या प्रकरणांचे अ, ब, क, ड असे वर्ग. ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ त्याहून थोडा काळ, ‘ड’ एका वर्षानंतर नष्ट. प्रत्येक वर्गाला वेगळ्या रंगाचे कापड, म्हणजे गठ्ठा न सोडता लांबूनच कळावे.

कागदाची ही वर्गवारी म्हणजेच जागेची आखणी आहे, हे मला ओसरीवर बसल्यावर कळले. पहिला गठ्ठा टेबलावर, डोळ्यांसमोर. दुसरा आणि तिसरा हात लांब केला की मिळेल असा. चौथा सर्वांना सापडेल अशा जागी. पाचव्याने आणि सहाव्याने त्या खोलीतून निघून जायचे. हे झाले की टेबल किती मोठे हवे, कपाटे किती हवीत, कोणी कोणाजवळ बसावे, हे प्रश्न निम्मे सुटलेलेच असतात. हे न करता नवे फर्निचर आणले तर जुने गठ्ठे नव्या कपाटांवर चढतात, इतकेच.

ही दृष्टी आपल्याकडे अगदी नवी नव्हती. पेशव्यांच्या पुण्यातील हुजूर दफ्तराचे ‘चालते दफ्तर’ आणि ‘एकबेरीज दफ्तर’ असे दोन मोठे भाग होते. फड, बेहेडा, सरंजाम ही चालत्या दफ्तराची खाती. चालू काम एकीकडे आणि जमा झालेले हिशेब दुसरीकडे, ही समज त्या रचनेत आहेच. 

परदेशातही या विषयाचा बराच विचार झाला आहे. अमेरिकेतील बफेलो शहरात लार्किन नावाची साबणाची कंपनी टपालाने माल विकीत असे. तिच्यासाठी फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराने बांधलेली इमारत १९०६ साली पुरी झाली. मधोमध वरून उजेड येणारा उंच चौक आणि त्यात व सभोवतालच्या मजल्यांवर टेबलांच्या रांगा, अशी तिची रचना. कंपनीचा जीव ग्राहकांच्या पत्रांत होता, म्हणून इमारतही पत्रव्यवहाराभोवती उभी केली. पुढे १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत श्नेले बंधूंनी, कोणाचे कोणाशी किती बोलणे होते आणि कागद कोठून कोठे जातो हे पाहून टेबले मांडण्याची पद्धत काढली.

मात्र ‘भिंती पाडा, सारे सुधारेल’ असे कोणी समजू नये. हार्वर्डच्या बर्नस्टीन आणि टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे भिंती काढून मोकळे दालन केल्यावर लोकांचे समोरासमोर बोलणे वाढण्याऐवजी सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. माणसे संगणकावरून निरोप पाठवू लागली. मला याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. एका खोलीच्या घरात राहणाऱ्यांना ठाऊक असते की सगळ्यांदेखत बोलणे म्हणजे पुष्कळदा न बोलणे. चौथ्या खेपेला माझ्याशेजारी बाकावर एक बाई होत्या. नवऱ्याच्या पश्चात निराधार योजनेचा अर्ज करायला आल्या होत्या. कारकुनांनी त्यांना सर्वांसमक्ष मोठ्याने विचारले, “मुलं सांभाळत नाहीत का?” बाईंनी उत्तर दिले नाही. अर्ज परत पिशवीत घातला. तेव्हा माझे मत असे आहे की कागद उघड्यावर असावा आणि माणसाला थोडा आडोसा असावा. आमच्या त्या कचेरीत नेमके उलटे होते. कागद कपाटांच्या आड, आणि ती बाई सगळ्यांच्या डोळ्यांपुढे.

लखिना पॅटर्नचेही पुढे सर्वत्र सारखे चीज झाले नाही, असे म्हणण्याचे धाडस मी करते. जेथे त्याचे ध्येय उचलले तेथे तो टिकला असेल. जेथे नुसती टेबलांची मांडणी उचलली तेथे साहेब बदलले की कपाटे आपापल्या जुन्या जागी परत आली. माझ्या नकाशातल्या कचेरीतही ‘चौकशी’ अशी पाटी असलेली खिडकी होती. तिच्या कट्ट्यावर पाण्याचा जार ठेवलेला होता.

असे का होते, याचे उत्तर मला वडिलांच्या वाक्यातच दिसते. तोटा कोणाचा? लखिनांनी जे एका जिल्ह्यात स्वतःच्या अधिकाराने केले, ते करायला पुढे कायद्याने कचेरीला थोडेफार भाग पाडले. शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा महाराष्ट्राचा कायदा सांगतो की सामान्यतः कोणतीही फाइल कोणाही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये. माहितीच्या अधिकारासाठी ज्यांनी उपोषणे केली ते अण्णा हजारे आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे. राज्याचा त्याविषयीचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. या केंद्रीय कायद्याचे चौथे कलम आपण सहसा वाचत नाही. प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रम लावून ठेवावेत, असे ते बजावते. तीस दिवसांत माहिती द्यायची, आणि विनाकारण दिली नाही तर दर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यातही सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. या साऱ्यांचा मथितार्थ एवढाच की कागद वाळला तर थोडा तोटा कचेरीलाही व्हावा. २०२५ मध्ये राज्य शासनाने कार्यालयीन सुधारणांची शंभर दिवसांची मोहीम काढली. तिच्या सात मुद्द्यांत संकेतस्थळ आणि तक्रार निवारण यांच्या जोडीला स्वच्छता आणि कार्यालयातील सोयीसुविधा हेही मुद्दे होते. म्हणजे जागेचा विचार पुन्हा आला आहे.

कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर येत आहे, कपाटांची चिंता कशाला? डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मोबाइलवर मिळतो, हे खरे आहे आणि चांगले आहे. पण सातबारा ज्याला जमीन आहे त्याचा. ज्याच्या घरी ना जमीन, ना शाळेचा दाखला, त्याचा साऱ्या कुळाचा पुरावा कधी कधी एका जुन्या वहीतली एक ओळ असते. आपल्या घरात कागदाची पेटी असते तशी, ज्याच्या घरी कागद नाही त्याची पेटी म्हणजे जिन्याखालची ती खोली. तिच्या दारात मोडक्या खुर्च्या रचणाऱ्याच्या मनात वाईट हेतू नसतो, हे मी मान्य करते. त्याला फक्त खुर्च्या कोठे ठेवाव्यात हा प्रश्न पडलेला असतो.

पाचव्या खेपेला गठ्ठा सापडला. रेकॉर्डचे भाऊसाहेब त्या दिवशी स्वतः खुर्च्या हलवून आत गेले होते; मीही दोन खुर्च्या उचलल्या. वही मोडीत होती. मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना बोलावून आणावे लागले. त्यांनी बोट ठेवले त्या ओळीत पणजोबांचे नाव होते, त्यापुढे जात, आणि ‘मुलगा’ एवढाच शब्द. आजोबांचे नाव नव्हते, कारण बारशाच्या आधीच नोंद झाली होती. भाऊसाहेब म्हणाले, चालते, तारीख आणि बापाचे नाव जुळले की चालते. नक्कल मिळायला आणखी दोन दिवस लागणार होते.

वही पुन्हा कापडात बांधली जात असताना वडील पुढे झाले आणि गठ्ठ्यावरचा क्रमांक काय आहे ते विचारले. वही माझ्याकडे होती, पण त्यांनी मला लिहायला सांगितले नाही. भाऊसाहेबांचे पेन मागून घेऊन त्यांनी तो आकडा आपल्या डाव्या तळहातावर लिहिला, आणि घरी आल्यावर पत्र्याच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस खिळ्याने कोरून ठेवला.